पंचेचाळीस पाहुणे आणि घरची माणसं

जकार्तातल्या केमायोरान भागात प्रदर्शनांसाठीचं एक मोठं मैदान आहे. 13 ते 15 डिसेंबर 2024 या तीन रात्री तिथे 'जकार्ता वेअरहाऊस प्रोजेक्ट' हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव झाला. आपल्याकडे गोव्यात 'सनबर्न' सुरू झाला, त्याच जातीचा हा प्रकार: प्रचंड ध्वनिक्षेपक, लेझरचे झोत, परदेशी डीजे आणि नाचणारी तरुण गर्दी. विमानाने दोनएक तासांवर असलेल्या मलेशियातून शेकडो पोरं दरवर्षी यासाठी येतात. या वेळी गर्दीत साध्या कपड्यांतले पोलिसही होते. नाचता नाचता खांद्यावर हात पडायचा, बाजूला घेतलं जायचं आणि जागच्या जागी लघवीची तपासणी करायला सांगितलं जायचं. तपासणीत काही सापडलं तर पैसे. काही सापडलं नाही तरी सुटका नाही, तेव्हाही पैसे, असं परत गेलेल्यांनी समाजमाध्यमांवर लिहिलं.

आठवड्याभरात इंडोनेशियाच्या पोलिस मुख्यालयाने जाहीर केलं की 18 पोलिसांना ताब्यात घेतलं आहे. यात केमायोरानच्या ठाण्यातले होते, मध्य जकार्ता जिल्ह्यातले होते आणि थेट जकार्ता महानगर पोलिसांच्या अमली पदार्थ विभागातलेही होते. समाजमाध्यमांवर चारशे पीडितांचा आकडा फिरत होता. पोलिसांच्या हिशेबात 45 मलेशियन नागरिक आणि अडीच अब्ज रुपिया एवढंच बसलं. अडीच अब्ज ऐकून दचकायला नको, आपल्या पैशांत ते सव्वा-दीड कोटी रुपये होतात. तरी माणशी हिशेब काढला तर सरासरी तीन लाखांच्या जवळपास जातो. नाक्यावर शिट्टी मारून पन्नासची नोट खिशात घालणाऱ्या हवालदाराची ही गोष्ट नव्हे. वर्ष संपता संपता खात्याच्या नीतिमत्ता समितीने बडतर्फ केलेल्यांत या अमली पदार्थ विभागाचा संचालकच होता. बाकी अनेकांची पदावनती झाली, तीसपेक्षा जास्त जणांच्या बदल्या झाल्या. बडतर्फ झालेल्यांनी अपील केलं, ते ओघाने आलंच.

एवढी झटपट कारवाई झाल्यावर लोकांचा विश्वास वाढायला हवा होता. घडलं उलटंच. इंडोनेशियन लोक विचारू लागले की पाहुण्यांचे पैसे आठवड्यात सापडले, मग आमचे कधी सापडणार? मला हा प्रश्न या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. परदेशी पर्यटकाला लुबाडणारा पोलिस खास त्याच्यासाठी जन्माला आलेला नसतो. दुकान आधीपासून चालू असतं, पर्यटक त्यातलं मोठं गिऱ्हाईक. फरक इतकाच, की त्याच्या तक्रारीने देशाची अब्रू जाते, म्हणून ती ऐकून घेतली जाते.

आता हे दुकान चालतं कसं, ते पाहू.

इंडोनेशियाचा अमली पदार्थांविषयीचा कायदा 2009 चा आहे, क्रमांक 35. 2024 मध्ये त्यात कलम 127 हे सेवन करणाऱ्यासाठी होतं: जास्तीत जास्त चार वर्षं कैद, आणि व्यसनमुक्ती केंद्रात पाठवण्याची वाट खुली. कलम 112 जवळ बाळगणाऱ्यासाठी: कमीत कमी चार वर्षं, जास्तीत जास्त बारा. कलम 114 विकणाऱ्यासाठी: पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत, आणि माल जास्त असेल तर फाशीसुद्धा. आता विचार करा, सेवन करणारा माणूस ती गोळी तोंडात टाकण्याआधी कुठे तरी जवळ बाळगणारच. म्हणजे एकाच खिशातली एकच गोळी 127 मध्येही बसते आणि 112 मध्येही. पुनर्वसन की चार वर्षं तुरुंग, हे पहिल्या रात्री ठाण्यात कोणतं कलम लिहिलं जातं त्यावर बरंचसं ठरतं. तिथले वकील अशा कलमांना रबरी म्हणतात. कायदा जितका कडक आणि त्याची कड जितकी पुसट, तितकी लिहिणाऱ्याच्या पेनाला किंमत.

त्यात समोरचा परदेशी असला की किंमत आणखी चढते. पासपोर्ट पोलिसाच्या हातात असतो. परतीचं विमान परवा सकाळी असतं. सोमवारी ऑफिसला हजर व्हायचं असतं, आणि मलेशियातही अमली पदार्थांचे कायदे कडक असल्यामुळे घरी काय सांगायचं हा धाक वेगळाच. खटला उभा राहिला तरी साक्षीला परत येणार कोण? भाषा कळत नाही म्हणून पर्यटक फसतो असं आपण सहज म्हणतो, पण मलय आणि इंडोनेशियन या भाषा एकमेकींना बऱ्याचशा समजतात. इथे पोलिस काय मागतोय ते पोरांना नीट कळत होतं. अडचण भाषेची नव्हती, वेळेची होती. पोलिसाकडे सगळी रात्र मोकळी असते, पर्यटकाकडे दोन दिवस.

याच धंद्याचा किरकोळ नमुना 2013 साली बालीत जगाने पाहिला. एका डच पत्रकाराने लपवलेला कॅमेरा चालू ठेवून विनाहेल्मेट मोटरसायकल चालवली. नाक्यावर पोलिसाने थांबवलं. न्यायालयात जाण्यापेक्षा इथेच मिटवू, असं म्हणत दोन लाख रुपिया घेतले, तेव्हाचे आपले हजार-अकराशे रुपये. कहर म्हणजे त्यातल्या अर्ध्या पैशांची बिअर मागवून पाहुण्याबरोबर बसून प्यायला. चित्रफीत गाजली, खात्याची शोभा झाली, त्या पोलिसावर कारवाई झाली. ती पाहताना मला सगळ्यात जास्त खटकतो तो त्या माणसाचा निवांतपणा. चोरी करणारा इकडेतिकडे बघतो. हा पाय पसरून बसला होता, कारण आपण काही वेगळं करतोय असं त्याला वाटतच नव्हतं.

हा निवांतपणा वरून येतो. 2023 च्या जूनमध्ये सुमात्रातल्या रियाउ प्रांतातल्या सशस्त्र पोलिस दलाच्या एका कनिष्ठ कर्मचाऱ्याने इन्स्टाग्रामवर जाहीर तक्रार केली. आपल्या कमांडरला आपण वेळोवेळी मिळून 65 कोटी रुपिया पोचवले, म्हणजे आपले पस्तीस लाखांच्या आसपास, आणि तरीही आपली बदली केली, असं त्याचं म्हणणं. कमांडरला पदावरून हटवलं गेलं. आता पगारातून इतके पैसे कोणी वर पोचवू शकत नाही, हे शाळकरी मुलालाही कळेल. रस्त्यावर हात पसरणारा पोलिस पुष्कळदा फक्त वसुली कारकून असतो. हप्ता हा शब्द कोळून प्यायलेल्या मराठी वाचकाला याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही.

वरच्या मजल्यावरच्या कथा तर आणखी रंगतदार. 2010 च्या जूनअखेर 'टेंपो' साप्ताहिकाने पोलिस जनरलांच्या गलेलठ्ठ बँक खात्यांवर मुखपृष्ठकथा केली. त्या दिवशी भल्या पहाटे जकार्तातल्या विक्रेत्यांकडून कोणी तरी अंकांचे गठ्ठेच्या गठ्ठे विकत घेऊन टाकले. टेंपोने अंक पुन्हा छापला. काही दिवसांनी त्यांच्या कार्यालयावर पेट्रोलबॉम्ब पडले. वाहन परवान्याच्या चाचणीसाठी घेतलेल्या यंत्रांच्या खरेदीत पैसे खाल्ल्याबद्दल वाहतूक पोलिसांचे प्रमुख राहिलेले जनरल जोको सुसिलो 2013 मध्ये तुरुंगात गेले. दहा वर्षांची शिक्षा अपिलात अठरा झाली. आणि तेदी मिनाहासा यांचं प्रकरण तर एखाद्या लेखकाने रचलं असतं तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून परत केलं असतं. पश्चिम सुमात्राचे हे पोलिसप्रमुख. छाप्यात पकडलेल्या मेथॅम्फेटामीनपैकी पाच किलो त्यांनी बाजूला काढून विकायला लावलं आणि त्या जागी तुरटी भरायला सांगितली. 2023 मध्ये त्यांना जन्मठेप झाली. अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेवर सामान्य माणसाचा विश्वास का बसत नाही, हे त्या तुरटीला विचारावं.

केमायोरानच्या अठरा जणांना पकडणारा विभाग म्हणजे पोलिसांचा अंतर्गत शिस्त विभाग, प्रोपाम. पोलिसांवर लक्ष ठेवणारे हेच पोलिस. 2022 साली या विभागाचे प्रमुख होते जनरल फर्दी साम्बो. त्या वर्षी 8 जुलैला त्यांच्या सरकारी निवासस्थानी त्यांचाच एक तरुण अंगरक्षक गोळ्या लागून मेला. आधी सांगितलं गेलं की दोन पोलिसांत चकमक झाली. मग चकमक बनावट निघाली, सीसीटीव्हीचं चित्रण गायब केल्याचं उघड झालं, या लपवाछपवीत डझनावारी पोलिसांनी हातभार लावल्याचंही बाहेर आलं. या खुनाबद्दल साम्बोंना आधी फाशीची शिक्षा आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात जन्मठेप झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मलांगच्या फुटबॉल मैदानात पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि चेंगराचेंगरीत 135 माणसं मेली. एकाच वर्षात एवढं पाहिलेल्या माणसाला 'प्रोपामने चौकशी सुरू केली आहे' हे वाक्य ऐकून काय वाटत असेल, याचा अंदाज करता येतो.

घरच्या तक्रारदाराचं काय होतं, तेही बघू. 2019 मध्ये दक्षिण सुलावेसीतल्या पूर्व लुवू इथल्या एका आईने आपल्या तीन मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार पोलिसांत दिली. दोनएक महिन्यांत तपास बंद झाला. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये 'प्रोजेक्ट मुलतातुली' या पत्रकारांच्या संस्थेने ती हकिकत सविस्तर छापली, तेव्हा स्थानिक पोलिसांनी बातमीलाच खोटी ठरवलं. त्यावर देशभर एक हॅशटॅग पसरला, ज्याचा आशय होता: पोलिसांकडे तक्रार करून उपयोग नाही. मलेशियन पोरांच्या तक्रारीला एक आठवडा लागला होता.

पण हा देश पोलिसांवर रागावतो त्याहून जास्त त्यांच्यावर हसतो. गुस दुर, म्हणजे अब्दुर्रहमान वाहिद, 1999 ते 2001 राष्ट्राध्यक्ष होते. थोर इस्लामी विद्वान आणि तितकेच पक्के विनोदी. त्यांच्या नावावर एक विनोद आहे: इंडोनेशियात प्रामाणिक पोलिस तीनच, एक पोलिसाचा पुतळा, दुसरा रस्त्यावरचा गतिरोधक आणि तिसरे जनरल हुगेंग. गतिरोधकाला तिकडे बोलीभाषेत झोपलेला पोलिस म्हणतात, म्हणून तो यादीत.

हुगेंग इमान सांतोसो 1968 ते 1971 देशाचे पोलिसप्रमुख होते. त्याआधी त्यांची मेदान शहरात नेमणूक झाली तेव्हा तिथल्या जुगारअड्ड्यांच्या मालकांनी त्यांचं घर नव्या फर्निचरने भरून ठेवलं. तो त्या काळाचा रिवाजच होता. हुगेंगनी सगळं सामान उचलून रस्त्याच्या कडेला मांडायला लावलं. पुढे इमिग्रेशन खात्याचे प्रमुख झाले तेव्हा पत्नीचं फुलांचं दुकान त्यांनी बंद करायला लावलं. कारण साधं होतं, ज्यांना ज्यांना खात्याशी काम, ते सगळे आता इथूनच फुलं घेतील. पोलिसप्रमुख म्हणून बड्यांच्या आलिशान गाड्यांच्या तस्करीत हात घातला आणि मुदतीआधीच राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंनी त्यांना घरी बसवलं. मग ते चित्रं काढत राहिले, दूरचित्रवाणीवर हवाईयन संगीत गात राहिले. सुहार्तोंवर टीका करणाऱ्या पन्नास जणांच्या निवेदनावर 1980 मध्ये सही केली. त्यांच्याविषयी वाचताना आनंद होतो आणि लगेच चुटपुटही लागते, कारण सत्तावीस-अठ्ठावीस कोटींच्या देशाला उदाहरण द्यायला पन्नास वर्षांपूर्वीचं एकच नाव सापडावं, हे त्या नावाचं कौतुक आहे की खात्याची निंदा?

पोलिस खात्याला मात्र विनोद सोसत नाही. 2020 च्या जूनमध्ये उत्तर मालुकूतल्या सुला बेटांवरच्या एकाने गुस दुरांचा हाच विनोद फेसबुकवर टाकला. पोलिसांनी त्याला ठाण्यात बोलावलं आणि माफी मागायला लावली. माजी राष्ट्राध्यक्षांचा विनोद, अख्ख्या देशाला पाठ, आणि माफी मागणार कोण, तर बेटावरचा सामान्य माणूस. 2025 च्या फेब्रुवारीत तेच पुन्हा घडलं, फक्त मोठ्या आवाजात. मध्य जावातल्या पुरबालिंगाचं 'सुकातानी' ही पंक संगीताची जोडी चेहरा झाकून गाते. 'बायार बायार बायार' या त्यांच्या गाण्यात गाडीचा परवाना काढण्यापासून पुढच्या प्रत्येक कामाला पोलिसाला पैसे मोजावे लागतात, ही तक्रार आहे. 20 फेब्रुवारीला दोघांनी मुखवटे उतरवून पोलिसप्रमुखांची माफी मागणारी चित्रफीत टाकली आणि गाणं मागे घेतलं. ते दबावाखाली झालं, हे समजायला कोणाला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवसापासून विद्यार्थ्यांच्या मोर्चांत तेच गाणं घुमू लागलं. मग पोलिसप्रमुख लिस्त्यो सिगित प्राबोवो यांनी या जोडीलाच पोलिसांचे सदिच्छादूत व्हायचं आमंत्रण दिलं. त्यांनी ते नाकारलं.

सुधारणेचे प्रयत्न झालेच नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. सुहार्तो सत्तेवरून गेल्यावर 1 एप्रिल 1999 रोजी पोलिस दल सैन्यापासून वेगळं झालं आणि 2002 च्या कायद्याने ते थेट राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली आलं. मोठंच पाऊल होतं ते. पण सैन्याचा ताबा गेला आणि त्या जागी बाहेरचा दुसरा पहारेकरी बसवायचा राहिला. राष्ट्रीय पोलिस आयोग आहे, त्याचं काम सल्ला देण्याचं. साम्बो प्रकरणानंतर 2022 च्या ऑक्टोबरमध्ये पोलिसप्रमुखांनी रस्त्यावर हाताने पावती फाडण्यावर बंदी घातली, दंड फक्त कॅमेऱ्यातून. पैसा आणि पोलिसाचा हात यांची गाठच पडू द्यायची नाही, हा विचार अगदी बरोबर. पण कॅमेरे मोजक्या रस्त्यांवर, आणि बाकीच्या रस्त्यांवर लोक बिनधास्त नियम मोडू लागले. 2023 च्या मे महिन्यापर्यंत हाताची पावती परत आली.

केमायोरानच्या प्रकरणात जे सगळ्यात कमी बोललं गेलं ते हे, की डिसेंबरअखेर सुनावलेल्या शिक्षा खात्याच्या नीतिमत्ता समितीच्या होत्या. धाक दाखवून लोकांकडून कोट्यवधी काढणं हा नोकरीतला शिस्तभंग की गुन्हा? तिथल्या भ्रष्टाचारविरोधी संघटना हाच प्रश्न लावून धरत होत्या. घरफोड्या पकडला गेला की त्याला समितीपुढे बोलावत नाहीत. माझं मत त्या संघटनांच्या बाजूने आहे. नोकरी जाणं ही शिक्षा नव्हे, ते फक्त पगार थांबणं आहे. वसुली करणाऱ्याचं पोट पगारावर चालतच नव्हतं.

मग 28 ऑगस्ट 2025 ला जकार्तातल्या आंदोलनात सशस्त्र पोलिसांच्या चिलखती गाडीखाली 21 वर्षांचा एक मोटरसायकल टॅक्सीचालक चिरडला गेला आणि अनेक शहरांत पोलिस ठाणी पेटली. नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष प्राबोवो सुबिआंतो यांनी घटनातज्ज्ञ जिमली अस्शिद्दिकी यांच्या अध्यक्षतेखाली पोलिस सुधारणेसाठी समिती नेमली. तिच्या सदस्यांत तेव्हाचे पोलिसप्रमुख लिस्त्यो सिगितही होते. ज्याच्या खात्याची तपासणी, तोच तपासनिसांच्या रांगेत.

हे सगळं आपल्याला लांबचं वाटू नये. बालीत येणाऱ्या परदेशी पाहुण्यांत ऑस्ट्रेलियनांनंतर भारतीयांचाच नंबर लागतो, आणि लग्नानंतर तिकडे जाणाऱ्या मराठी जोडप्यांची गर्दी विमानतळावरच दिसते. उतरल्या उतरल्या बहुतेक जण भाड्याची स्कूटर घेतात. तर जाण्याआधी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि त्यावर दुचाकीची नोंद आहे ना, ते पाहा. नुसता चारचाकीचा उपयोगाचा नाही. दोघांनीही हेल्मेट घाला. तिथल्या 2009 च्या वाहतूक कायद्यानुसार हेल्मेट नसेल तर जास्तीत जास्त अडीच लाख रुपिया दंड आहे आणि परवाना नसेल तर दहा लाख. चूक तुमची असेल तर चूक मान्य करा, पण पावती मागा. निळी पावती म्हणजे चूक मान्य, दंड बँकेत भरायचा. लाल पावती म्हणजे न्यायालयात म्हणणं मांडायचं. पोलिसाच्या हातात नोट द्यायची पद्धत दोन्हींत नाही. 'इथेच मिटवू' म्हणणाऱ्याला तुमच्या नियम मोडण्याशी काही देणंघेणं नसतं, आणि चूक करून वर पैसे देऊन सुटणारा पर्यटक त्या दुकानाचा भागीदारच असतो, हेही लक्षात असू द्या.

आणि तरीही पैसे काढून घेतलेच, तर छातीवरच्या पट्टीवरचं नाव, ठिकाण, वेळ आणि रक्कम त्याच रात्री लिहून ठेवा. जकार्तात भारताची वकिलात आहे, बालीत देनपासारला वाणिज्य दूतावास आहे. परत आल्यावर मित्रांना किस्सा सांगून मोकळे होऊ नका, तक्रार लेखी करा. तुमचं ऐकून घेतलं जाण्याची शक्यता तिथल्या माणसापेक्षा जास्त आहे.